अठराशे ताटांची चॉपसुई

साळवे खुर्चीवरून उठले, मांडीवरचा नॅपकिन घडी करून टेबलावर ठेवला, काळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर बगलेत मारलं आणि सरळ त्या हॉटेलच्या स्वयंपाकघराचं झुलतं दार ढकलून आत गेले.

करंदीकर साहेबांच्या काट्यावर मोठ्या कष्टाने गुंडाळलेल्या नूडल्स परत बशीत घसरल्या.

"देशमाने, हा माणूस चालला कुठे?"

"हात धुवायला गेले असतील," मी म्हणालो.

तसं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पुणे कॅम्पातल्या सगळ्यात महागड्या चायनीज हॉटेलात, भर दुपारी, साळवे जेवणाची चव घ्यायला गेले होते. आणि त्यात त्यांना काही चूक वाटणं शक्यच नव्हतं, कारण गेली सहा वर्षं ते रोज हेच करत होते.

मी तेव्हा पिंपरीतल्या एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत कॅन्टीन मॅनेजर होतो. कॅन्टीन मॅनेजर म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस दिवसभर चहाचे कप मोजत असणार. त्यांच्या माहितीसाठी सांगतो. आमच्याकडे दुपारी अठराशे माणसं जेवायची. तीन बॅच, म्हणजे सहाशेंच्या तीन पंगती म्हणा. प्रत्येक बॅचला अर्धा तास. जेवण पाच मिनिटं उशिरा आलं तर लाइन पाच मिनिटं उशिरा सुरू होते आणि त्याचा जाब प्रॉडक्शनवाले मला विचारतात. घरी भाजी खारट झाली तर एखादा माणूस नाक मुरडतो. कारखान्यात भाजी खारट झाली तर अठराशे ताटं उपडी होतात. ताट उपडं घालून बसणं म्हणजे जेवणावर बहिष्कार. हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी एकदा बघितलं होतं. तेवढं पुरे होतं.

असं होऊ नये म्हणून कॅन्टीन कमिटी असते. काही माणसं मॅनेजमेंटची, काही कामगारांची. आमच्याकडे पद्धत अशी होती, की कामगारांच्या प्रतिनिधीने प्रत्येक पदार्थ चाखून चव-रजिस्टरमध्ये शेरा लिहायचा, सही करायची आणि मगच भांड्यांची झाकणं उघडायची. चव घ्यायची ती आत जाऊन, भट्टीपाशी, भांड्यातून. कारण ताटात घालून आणलेला नमुना आणि भांड्यातला माल यांत फरक पडू शकतो, हा कामगारांचा जुना अनुभव. साळवे हे ते प्रतिनिधी. टूलरूममध्ये फिटर, राहायला पिंपरीतच. टूलरूम म्हणजे जिथे बाकीच्या खात्यांची हत्यारं आणि साचे बनतात ती जागा. तिथली माणसं केसाएवढी चूकही सोडत नाहीत. साळवे मिठाच्या बाबतीतही सोडत नसत.

आता आम्ही त्या हॉटेलात कसे पोचलो ते सांगतो.

कंपनीची नवी असेंब्ली लाइन ठरल्या वेळेआधी सुरू झाली होती. मोठे साहेब, म्हणजे आमचे मॅनेजिंग डायरेक्टर, खूश होते. अशा वेळी एरवी गुलाबजाम आणि फरसाणाचा पुडा वाटला जायचा. पण साहेब त्याच सुमारास परदेशी पाहुण्यांना घेऊन या चायनीज हॉटेलात जेवून आले होते आणि तिथून त्यांनी नवी कल्पना आणली. सगळ्या कामगारांना कॅन्टीनमध्ये चायनीज जेवण. त्यातच मुंबईचा एक ठेकेदार त्यांना भेटून गेला. तो म्हणाला, कॅन्टीन माझ्याकडे द्या, चायनीज काय, म्हणाल ते वाढतो.

करंदीकर साहेब आमचे पर्सोनेल मॅनेजर. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"देशमाने, जमेल का?"

"जमेल."

"आधी काय ते तर ऐका. चायनीज. अठराशे माणसांना."

"जमेल साहेब."

हे मी कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे. केटरिंगचा डिप्लोमा करताना चिनी जेवणावर एक धडा होता. माझा त्या विषयाशी संबंध तेवढाच. पण मला नाही म्हणता येत नसे. आजही येत नाही.

"नाही जमलं तर काय होईल तेही ऐकून ठेवा," करंदीकर म्हणाले. "तो ठेकेदार साहेबांच्या मनात भरलाय. त्या दिवशी तो बघायलाही येणार आहे. काही फजिती झाली तर कॅन्टीन ठेक्यावर जाईल. तुमची सोय मी दुसऱ्या खात्यात लावीन. पण तुमच्या त्या बेचाळीस माणसांचं माझ्या हातात काही नाही."

बेचाळीस माणसं. आचारी, मदतनीस, भांडी घासणारे. सगळे कंपनीच्या पगारावर, सगळ्यांना दवाखाना, सगळ्यांना फंड. ठेकेदाराकडे यातलं काहीच नसतं. हेड कुक बबनराव कुरुळीहून रोज सायकल मारत यायचे. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि ठरलं होतं ते "मुलीचा बाप कंपनीत आहे" यावर. मी केबिनमधून निघालो तो थेट भट्टीपाशी गेलो. पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मॅनेजरचा चेहरा बघूनच आचारी घाबरतात.

"आधी एकदा त्या हॉटेलात जाऊन नीट जेवून बघू," मी करंदीकरांना म्हणालो. "पदार्थ बघितल्याशिवाय मी करणार नाही." कंपनीच्या खर्चाने जायचं म्हणजे कमिटीचा माणूस बरोबर हवा, असं साळवेंचं म्हणणं. तेही बरोबर होतं.

दिवस मात्र आम्ही असा निवडला की विचारू नका. आमच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणून गुरुवारी दुपारी जीप काढली. करंदीकर मुळात शाकाहारी. मी सगळं खाणारा, पण आईच्या धाकाने गुरुवार पाळायचो. म्हणजे चिनी जेवणाचा अभ्यास करायला निघालेल्या तीन माणसांपैकी दोघं कोबी आणि गाजर खाणार होती. हे आमच्या लक्षात आलं तेव्हा जीप खडकीच्या पुढे गेली होती.

"काळजी करू नका," साळवे म्हणाले. "चिकन मी कमिटीतर्फे खातो."

हॉटेल झकास होतं, यात वाद नाही. आत गारवा, पायाखाली गालिचा, छताला लाल कंदील. नॅपकिन कमळासारखे दुमडलेले. वेटर इंग्रजीत बोलायचा आणि इतक्या हळू, की करंदीकरांनाही पुन्हा विचारावं लागलं. मेनूकार्डाच्या उजवीकडचे आकडे वाचून साळवे मला म्हणाले, "साहेब, ह्या एका सुपात आपल्याकडे माणूस महिनाभर जेवतो राव." कॅन्टीनचं ताट सवलतीतलं, त्यामुळे तुलना अगदी न्याय्य नव्हती. पण हिशेब बरोबर होता.

सूप आलं. करंदीकरांनी विचारलं, "यात अंडं नाही ना?"

"नो सर," वेटर म्हणाला. "ओन्ली द व्हाइट."

करंदीकरांनी सूप माझ्याकडे सरकवलं. मी साळवेंकडे. मग नूडल्स आल्या, फ्राइड राइस आला, साळवेंचं चिकन आलं. मी घड्याळ काढून बशीपाशी ठेवलं आणि टेबलावरचा प्रत्येक पदार्थ बघू लागलो. कारण मला चवीची चिंता नव्हती. चव मी आणली असती. माझी चिंता वेगळी होती.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, होल्डिंग. पदार्थ शिजल्यापासून ताटात पडेपर्यंत किती वेळ तग धरतो, ते. वरण दोन तास तग धरतं. उसळ तर मुरून आणखी चांगली होते. चपात्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवल्या तर तास-दीड तास मऊ राहतात. कारखान्याचं सगळं जेवण या होल्डिंगवर उभं असतं. त्या नूडल्स सातव्या मिनिटाला एकमेकींना चिकटल्या. दहाव्या मिनिटाला त्यांचा गोळा काट्याने उचलला तर बशीही उचलली जाईल अशी अवस्था. अठराशे माणसांच्या नूडल्सचा नुसता लगदा झाला असता. ताटं उपडी घातलेली मला दिसायला लागली.

साळवे आत गेले ते याच वेळी. "इथे बसून काय कळणार?" एवढंच ते म्हणाले होते.

दोन मिनिटं वाट पाहून मीही मागोमाग गेलो. आत भट्ट्यांचा असा आवाज होता, की स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. साळवे एका आचाऱ्यासमोर उघडं रजिस्टर घेऊन उभे होते आणि हिंदीत सांगत होते, "थोडा चखने को दो, फिर मैं सही करता." आचाऱ्याचा हात कढईवर तसाच थांबला होता.

बाजूच्या खोलीतून मालक आले. साठीचे गृहस्थ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, शांत चेहरा. नाव मिस्टर ल्यू. आता हा माणूस आपल्याला हाकलून देणार, अशी माझी खात्री. पण त्यांची नजर साळवेंच्या रजिस्टरवर गेली. काळा पुठ्ठा, त्यावर कंपनीचा गोल शिक्का.  ते परत खोलीत गेले आणि नाडीने बांधलेली एक जाड फाइल घेऊन आले. भाजी चिरायच्या टेबलावर ती ठेवून नाडी सोडू लागले.

"सगळे कागद आहेत साहेब," ते चक्क मराठीत म्हणाले. "या महिन्याची हजेरीपण लावून आलोय. काही राहिलं असेल तर सांगा."

मला काही उमगेना. कसले कागद? कुठली हजेरी? साळवेंना माझ्या आधी कळलं. बासष्टच्या चीनच्या लढाईनंतर मूळच्या चिनी घरांमागे पोलिसांतल्या नोंदींचं, हजेरीचं शुक्लकाष्ठ लागलं होतं. ल्यू जन्मले कॅम्पात, शाळेत गेले कॅम्पात. लढाईच्या वर्षी महिनोन् महिने त्यांच्या दारात गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. इतकी वर्षं झाली, पण रजिस्टर घेतलेला माणूस आत आला की आधी फाइल काढायची, ही सवय त्यांच्या अंगात मुरली होती. हे सगळं त्यांनी नंतर सांगितलं. त्या क्षणी मी फक्त त्यांच्या हातातली न सुटणारी नाडी बघत होतो. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

साळवेंनी त्यांचा हात धरला.

"शेठ, फाइल आत ठेवा. आम्ही सरकारी नाही. मी फिटर आहे. हे आमचे कॅन्टीनवाले साहेब. हे बघा, आमच्या रजिस्टरात काय असतं ते." आणि त्यांनी पान उलटून वाचून दाखवलं. "पालकाची पातळ भाजी, मीठ बरोबर. भात, थोडा गिचका. मटकी, तिखट कमी करणे. एवढंच असतं. आम्हाला चव बघायची सवय लागलीय, म्हणून न विचारता आत आलो. चूक झाली."

ल्यूंनी ते पान स्वतःकडे ओढून घेतलं. चष्मा लावला. "भात, थोडा गिचका," त्यांनी सावकाश वाचलं आणि हसायला लागले. इतके हसले, की आचारीही हसायला लागले.

मग त्यांनी विचारलं, "किती माणसांचं करता?"

"अठराशे."

"किती वेळात?"

"दीड तासात."

ते हसायचे थांबले. त्यांनी मला भट्टीजवळ नेलं आणि आचाऱ्याला नूडल्स करायला सांगितलं. जाळ कढईच्या वर, सगळं आधीच चिरून ओळीने मांडलेलं, आणि दोन मिनिटांत बशी भरलेली. "आमचं सगळं असं आहे," ते म्हणाले. "कढईतून टेबलावर, टेबलावरून तोंडात. थांबलं की मेलं. तुमच्याकडे काय आहे?"

"वाफेवरचे हंडे." आम्ही त्यांना केटल म्हणायचो. दुहेरी बुडाचं प्रचंड भांडं, मधल्या पोकळीत वाफ सोडायची. वरण, रस्सा, खीर, काय हवं ते. कढई एकच, भज्यांची.

"मग नूडल्स करू नका. चॉपसुई करा." त्यांनी बोटांवर सांगितलं. नूडल्स उकडायच्या, वाळवायच्या, कुरकुरीत तळायच्या. त्या दोन दिवस टिकतात. भाज्यांचा आंबटगोड दाट रस्सा केटलमध्ये. ताटात तळलेल्या नूडल्स घाला, वर रस्सा ओता, माणूस चालता. "आणि व्हिनेगर शेवटी. आधी घातलंत तर कॉर्नफ्लॉवरचा दाटपणा मोडतो. तासाभरात नुसतं पाणी."

ही शेवटची गोष्ट मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती. आम्ही आत तासभर होतो. साळवेंनी सहा पदार्थ चाखले, रजिस्टरमध्ये शेरे लिहिले, सही केली. करंदीकर बाहेर एकटे चिकटलेल्या नूडल्ससमोर बसून होते. बिल त्यांनीच दिलं आणि आम्ही परत निघालो.

खडकी बाजारात साळवेंनी जीप थांबवली. "मला भूक लागलीय," ते म्हणाले. मलाही लागली होती. करंदीकरांना तर लागणारच. तिघांनी मिसळ खाल्ली, पाव दोनदा मागवला.

"एवढं खाऊन तुम्हाला भूक कशी?" करंदीकरांनी साळवेंना विचारलं.

"साहेब, ते चांगलं होतं. खोटं नाही बोलत. पण ते जेवण न्हवतं."

मी तेव्हा हसलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

पुढचे तीन आठवडे तयारीचे. पहिला प्रश्न नूडल्सचा. त्या काळी एवढ्या नूडल्स विकत कुठे मिळणार? बबनराव म्हणाले, "साहेब, नूडल मंजी जाड शेवईच की. आमच्या घरी मशीन हाय, हातानं फिरवायचं. पन जाळी बारीक हाय." साळवेंनी ते मशीन टूलरूममध्ये नेलं आणि मोठ्या भोकांची स्टीलची नवी जाळी बनवून दिली. भोकं इतकी एकसारखी, की ती जाळी बघायला दुसऱ्या खात्यांतली माणसं आली. अशी सहा मशीनं जमवली, सहा जाळ्या बनल्या. रीतसर परवानगी काढली होती, हे आपलं सांगून ठेवतो.

पहिली ट्रायल फसली. बबनरावांनी घरच्या पद्धतीने शेवया नुसत्या वाळवल्या आणि तशाच तळल्या. उकडायचं राहिलं. साळवेंनी एक घास घेतला आणि गाल धरून बसले.

"बबनराव, या नूडल्स आहेत का टूलरूमचा स्क्रॅप?"

"न्हाई ओ, जरा कडक झाल्यात."

"जरा? उद्या कंपनीला दाताचा डॉक्टर नेमावा लागंल."

दुसऱ्या वेळी उकडून, वाळवून तळल्या. कुडकुडीत, हलक्या. चाळीस माणसांवर प्रयोग केला. पास.

मग मी करंदीकरांकडे गेलो. "त्या दिवशी चपाती, वरण, भातपण ठेवतो."

"अजिबात नाही," ते म्हणाले. "साहेबांनी सांगितलंय, पूर्ण चायनीज. एकच मेनू. चपातीचा वास आला की सगळी मजा गेली. शिवाय ठेकेदार म्हणेल, यांचा स्वतःवरच भरवसा नव्हता. मी तुम्हाला लेखी देतो."

त्यांनी लेखी दिलं. मी कागद घेतला, खिशात ठेवला आणि कॅन्टीनमध्ये येऊन बबनरावांना सांगितलं, "रोजच्या सगळ्या चपात्या होणार. वरण आणि भातपण."

"पन साहेबांची ऑर्डर?"

"ऑर्डर माझ्या खिशात आहे. तुम्हाला माझी ऑर्डर." ऑर्डर बुकात तसं लिहून मी खाली सही केली. उद्या काही झालं तर बोट माझ्याकडेच यायला हवं होतं. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण मी रोज अठराशे माणसांना जेवताना बघणारा माणूस होतो. करंदीकर त्यांना पगारपत्रकावर बघत होते.

चायनीजच्या दिवशी मिस्टर ल्यू आणि त्यांच्या पत्नी यांना मी जेवायला बोलावलं होतं. गेटवर पाहुण्यांना नाव, पत्ता, कामाचं कारण लिहावं लागतं. मी आधीच जाऊन वॉचमनला सांगितलं, यांच्यापुढे वही सरकवायची नाही, नोंद मी करतो. आणि त्यांना स्वतः आत घेऊन आलो.

केटलपाशी साळवे रजिस्टर घेऊन उभे होते. त्यांनी ते ल्यूंच्या हातात दिलं.

"शेठ, आज चव तुम्ही घ्यायची."

"मी? ही सही कशाला?"

"तुमची सही झाल्याशिवाय इथं एकही झाकण उघडत नाही."

ल्यूंनी बायकोकडे बघितलं. मग चमचा घेतला, चव घेतली, थोडं थांबले. "व्हिनेगर," म्हणाले. बबनरावांनी मगभर व्हिनेगर ओतलं, ढवळलं. पुन्हा चव. मग त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात मराठीत लिहिलं, "बरोबर." खाली सही. त्यांच्या पत्नी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. साळवे म्हणाले, "उघडा झाकणं," आणि आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला.

पहिली बॅच बसली. सहाशे माणसांनी एकदम कुरकुरीत नूडल्स चावल्यावर काय आवाज होतो, ते एकदा ऐकायला हवं. माणसं हसत होती, एकमेकांच्या ताटात बघत होती, पुन्हा मागत होती. मोठे साहेब दारात उभे, शेजारी ठेकेदार, मागे करंदीकर. सगळे खूश. दहा-बारा मिनिटांत ताटं साफ.

आणि कोणी उठेना.

सहाशे माणसं रिकाम्या ताटांसमोर आरामात बसून राहिली. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. बाहेर दुसऱ्या बॅचची रांग लागायला लागली. पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपचा एक जाडजूड मेस्त्री, चेहऱ्यावर अगदी समाधान, मला म्हणाला, "लई भारी होतं साहेब. आता जेवण येऊ द्या."

"हां, जेवण येऊ द्या," मागून आणखी आवाज आले. एकाने ताट वाजवलं. मग पाच-पंचवीस जणांनी.

करंदीकरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते माझ्याकडे धावत आले. "देशमाने, आता काय करायचं? लाइन सुरू व्हायला पंधरा मिनिटं आहेत!"

मी बबनरावांकडे बघून मान हलवली. स्टोअरचं दार उघडलं. चपात्यांचे डबे बाहेर आले, मागून वरण, मागून भात. वाढपी धावले. माणसांनी चपात्या घेतल्या आणि चॉपसुईचा उरलेला रस्सा मागून घेऊन त्याला लावून खाल्ल्या. कोणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. पहिली बॅच घंटेच्या एक मिनिट आधी उठली. दुसऱ्या आणि तिसऱ्या बॅचला आम्ही दोन्ही एकदमच वाढलं.

मोठे साहेब माझ्यापाशी आले. "चपाती मेनूत नव्हती ना?"

"नव्हती साहेब."

"मग?"

"साहेब, आपल्या माणसांच्या हिशेबी हा नाश्ता आहे. उत्तम नाश्ता. पण नाश्त्यावर शिफ्ट निघत नाही."

साहेब ठेकेदाराकडे वळले. "तुम्ही काय केलं असतं?"

ठेकेदार माणूस सरळ होता, हे कबूल करायला हवं. तो म्हणाला, "मी चॉपसुईच वाढली असती सर. ऑर्डर तेवढीच होती ना."

 साहेबांनी एक ताट घेतलं, मिस्टर ल्यूंच्या शेजारी बाकावर बसले आणि चपाती मागितली.

कॅन्टीन ठेक्यावर गेलं नाही. पुढच्याच आठवड्यात मला एक पाकीट मिळालं. त्यात दोन कागद. एकावर मोठ्या साहेबांची सही, उत्तम नियोजनाबद्दल अभिनंदन. दुसऱ्यावर करंदीकरांची सही, लेखी आदेश मोडल्याबद्दल मेमो. मी दोन्ही पोचले म्हणून सही केली. करंदीकर पाकीट देताना म्हणाले, "मेमो द्यावाच लागतो हो." मी म्हटलं, "बरोबर आहे साहेब." दोघांनी मिळून चहा घेतला.

लोक मला अजून विचारतात, केटरिंगमधला माणूस म्हणून, की एवढ्या महाग चायनीज हॉटेलात जाणं परवडतं का? मी सांगतो. टेबलावर बसून आम्ही जे खाल्लं, ते त्या किमतीला मुळीच परवडलं नाही. खडकीच्या मिसळीने आमची पोटं भरली. मात्र जे आत उभं राहून शिकलो, त्याचं बिल मिस्टर ल्यूंनी लावलंच नाही. माझ्या बेचाळीस माणसांपैकी ज्याचं वय झालं तो प्रत्येक जण कंपनीतूनच रिटायर झाला. बबनरावांच्या मुलीच्या लग्नात मी वरपक्षाच्या पंगतीला वाढायला उभा होतो. तिथे पहिली चपाती वाढताना व्याही बबनरावांना विचारत होते, "कंपनीत अजून किती वर्षं?"

"लई हायती," बबनराव म्हणाले. "तुमी जेवा पोटभर."